बॉनेटची कडी: जुन्या आलिशान मोटारींसाठी सुरक्षित लॅच कसा डिझाइन करायचा?

मोटारीच्या इंजिनावरचं झाकण म्हणजे बॉनेट. ते बंद धरून ठेवणारा भाग म्हणजे लॅच. गॅरेजमध्ये त्याला कोणी खटका म्हणतं, कोणी कडी, कोणी नुसतंच लॉक. सगळ्या गाडीत या भागाची किंमत नगण्य असते, पण हायवेवर तो सुटला तर बॉनेट सरळ काचेवर येतं आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो.

या लेखात आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या महागड्या मोटारींपासून सुरुवात करू. तेव्हा बॉनेट कसं होतं, ते बंद ठेवण्यात नेमकी अडचण काय होती, आणि आज एखाद्या जुन्या गाडीसाठी सुरक्षित लॅच बनवायचा झाला तर आकडेमोड कशी करायची, हे टप्प्याटप्प्याने पाहू. शेवटी आपल्या रोजच्या गाडीचा लॅच कसा तपासायचा तेही आहे. घाई असेल तर थेट तिथे जा, पण मधला भाग वाचलात तर तपासणीमागचं कारण कळेल.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझं गाव गुरुकुंज मोझरी, अमरावती-नागपूर हायवेवरचं. त्यामुळे जीप, ट्रॅक्स, ट्रॅक्टर आणि त्यांची बॉनेटं लहानपणापासून जवळून पाहिली आहेत. पुढे सुरक्षा, अ‍ॅक्सेस, बॅकअप हे शब्द कामात रोजचे झाले, तेव्हा लक्षात आलं की हे सगळे प्रश्न या छोट्याशा कडीत आधीपासूनच आहेत.

आधी संदर्भ: मुंबई ते कोल्हापूर, १९०८

सुरुवातीच्या आलिशान मोटारींचा विषय निघाला की आपल्याला इंग्लंड-अमेरिका आठवतात. पण त्यांची खरी परीक्षा आपल्या घाटांतही झाली आहे. १९०८ मध्ये मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी घेतली होती. त्यात रोल्स-रॉइसची ४०/५० अश्वशक्तीची गाडी उतरली होती. हेच मॉडेल पुढे सिल्व्हर घोस्ट या नावाने ओळखलं गेलं. चाचणीत उतरलेल्या त्या गाडीला ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ असं नाव होतं. ती जिंकली आणि नंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

अशा चाचण्यांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा निकष एकच असे: वाटेत नाइलाजाने थांबावं लागलं का? आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, याच मॉडेलच्या गाडीने इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर १४,३७१ मैल असं न थांबता काढून दाखवलं होतं. काही चाचण्यांमध्ये तर निघताना बॉनेटला सील लावत आणि पोहोचल्यावर सील तपासत. आपल्या विजेच्या मीटरला असतं तसंच. सील तोडता येतं, पण तोडलेलं लपवता येत नाही.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे. बॉनेट बंद ठेवण्याचे तीन वेगवेगळे अर्थ आहेत:

१. ते आपोआप उघडू नये.
२. ते परक्याने उघडू नये.
३. कोणी उघडलंच तर ते कळावं.

पहिलं काम कडीचं, दुसरं कुलपाचं, तिसरं सीलचं. एकाच भागावर तिन्ही कामं लादली की तिन्ही अर्धवट होतात.

कुलूप लागायचंच कशाला?

त्या काळात इंजिनाला ठिणगी देण्यासाठी मॅग्नेटो नावाचा भाग असे. बॉश कंपनीने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणला आणि चांगल्या गाड्यांमध्ये तो हवाहवासा झाला. मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटर दोन्ही महाग, आणि दोन्ही थोडक्या हत्यारांनी सोडवून नेता येण्यासारखे. गाडी क्लबच्या किंवा नाटकगृहाच्या बाहेर दोन-तीन तास उभी, ड्रायव्हर जरा बाजूला गेलेला. अशा वेळी उघडं बॉनेट म्हणजे उघडी तिजोरी.

दुसरं कारण म्हणजे मालक वेगळा आणि चालवणारा वेगळा. इंजिनाला कोण हात लावेल हे मालकाला ठरवायचं असे. आमच्या भाषेत सांगायचं तर हा परवानग्यांचा प्रश्न.

गंमत म्हणजे चांगलं कुलूप बनवायचं ज्ञान तेव्हा मुंबईतच होतं. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना सुरू केला होता. म्हणजे कुलपाची अडचण नव्हतीच. अडचण होती ती हलणाऱ्या, थरथरणाऱ्या, तापणाऱ्या पत्र्यावर ते कुलूप टिकवायची.

जुनं बॉनेट आजच्यासारखं नव्हतं

आजच्या गाडीचं बॉनेट म्हणजे एकच मोठा पत्रा. त्याची बिजागरी मागे काचेजवळ असते आणि ते पुढून उघडतं. जुन्या मोटारीचं बॉनेट चार पत्र्यांचं असे: वर दोन, बाजूला दोन. गाडीच्या मधोमध, रेडिएटरपासून मागच्या पडद्यापर्यंत, एक लांब बिजागरी. डावी बाजू उचलली की डावं इंजिन दिसतं, उजवी उचलली की उजवं. पाखराने पंख उचलावेत तसं.

या रचनेचा एक मोठा फायदा आहे. बिजागरी वाऱ्याच्या दिशेला समांतर आहे, त्यामुळे समोरचा वारा पत्र्याला उचलून काचेवर फेकू शकत नाही. कडी सुटली तर पत्रा बाजूला फडफडेल, आवाज करेल, वाकेल, पण ड्रायव्हरची नजर झाकणार नाही.

मग जुन्या गाडीचा शत्रू कोण? रस्त्याचे हादरे आणि चासिसचा पीळ. जुनी गाडी म्हणजे शिडीसारखी लोखंडी चौकट. एक चाक खड्ड्यात गेलं की ती चौकट पिळते. रेडिएटर चौकटीच्या पुढच्या टोकाला, मागचा पडदा बॉडीजवळ. दोघांमधलं अंतर आणि कोन सतत थोडा थोडा बदलत राहतो. बॉनेट या दोघांवर टेकलेलं. म्हणून त्याच्या कडेखाली विणलेली कापडी किंवा चामडी पट्टी लावत, म्हणजे धातूवर धातू घासत नाही.

इंदूरच्या यशवंतराव होळकरांची १९३५ ची ड्यूसेनबर्ग एसजे आठवा. तिच्यात एका रांगेत आठ सिलिंडर होते, त्यामुळे बॉनेट भलतंच लांब, आणि बाजूने एक्झॉस्टचे पाइप बाहेर आलेले. जितकं बॉनेट लांब, तितका पिळाचा त्रास जास्त. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक बाहेर निघते, तीही अशाच लांब नाकाच्या काळातली. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा बॉनेट रेडिएटरला आणि मागच्या पडद्याला कुठे टेकतं, ते जरूर बघा.

तेव्हाचे पर्याय कोणते होते?

चामड्याचा पट्टा आणि बकल: स्वस्त, लवचिक, रेसिंगच्या गाड्यांवर शोभून दिसतो. पण पावसात चामडं सैल पडतं, आणि आमच्याकडच्या ४५ अंशाच्या उन्हात वाळून तडकतं. शिवाय कुलूप लावायला जागाच नाही.

नुसता आकडा आणि कोयंडा: दाराला असतो तसा. दार स्थिर असतं म्हणून तिथे चालतो. थरथरणाऱ्या गाडीवर आकडा आधी वाजतो, मग झिजतो, मग निसटतो.

फिरवायची मूठ: मूठ पाव वेढा फिरवली की आतली जीभ खाचेत जाते. दिसायला देखणी, आणि किल्लीसाठी मधोमध जागाही मिळते. पण नुसती जीभ पत्र्याला घट्ट ओढून धरत नाही, फक्त अडवते. खाचेत थोडं अंतर राहिलंच तर खडखड सुरू.

स्प्रिंगची ओढकडी: लिव्हर दाबला की आकडा ताणला जातो आणि एका क्षणी ‘टक्क’ करून बसतो. स्टीलच्या क्लिपचा डबा किंवा लोणच्याच्या काचेच्या बरणीवरची तारेची कडी हाच प्रकार. महिंद्राच्या जुन्या जीपच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी असतात त्या कड्याही याच घराण्यातल्या. विलीज जीपबरोबर त्या आपल्याकडे आल्या आणि खेड्यापाड्यांत पोहोचल्या.

आपण हा चौथा प्रकार घेऊ आणि त्याला कुलपाची जोड देऊ.

ओढकडी उघडत का नाही?

यात तीन बिंदू असतात. पहिला, लिव्हर ज्या खिळीवर फिरतो ती खिळी. दुसरा, लिव्हरवर आकडा जिथे जोडलाय ती जागा. तिसरा, पत्र्यावरचा कोयंडा, जिथे आकडा अडकतो.

लिव्हर दाबताना दुसरा बिंदू हळूहळू पहिल्या आणि तिसऱ्याला जोडणाऱ्या रेषेकडे सरकतो. रेषेवर आला की स्प्रिंगचा ताण सर्वाधिक. रेषा ओलांडून दोन-तीन मिलिमीटर पलीकडे गेला की तोच ताण लिव्हरला उघडण्याऐवजी आणखी आत ओढू लागतो. आता बॉनेट जितकं जोरात वर उडायला बघेल, तितकी कडी जास्त घट्ट बसेल.

रेषा ओलांडण्याचं हे अंतर फार कमी ठेवलं तर हादऱ्याने कडी परत फिरते. फार जास्त ठेवलं तर ताण कमी होतो आणि उघडायला पकड लागते. दोन-तीन मिलिमीटर हा मधला मार्ग.

आकडेमोड: किती ताण हवा?

समजा आपली गाडी १९१० च्या आसपासची मोठी मोटार आहे. बॉनेटच्या एका बाजूचं वजन ६ किलो धरू. प्रत्येक बाजूला दोन कड्या.

पायरी १. खराब रस्त्यावर पत्र्याला त्याच्या वजनाच्या तिप्पट झटका बसेल असं गृहीत धरू. म्हणजे ६ × ३ = १८ किलो. दोन कड्यांत वाटलं तर प्रत्येकीवर ९ किलो.

पायरी २. कडीचा बसलेला ताण यापेक्षा कायम जास्त हवा, नाहीतर प्रत्येक झटक्याला पत्रा क्षणभर सुटेल आणि वाजेल. म्हणून ताण ठेवू १६ किलो.

पायरी ३. हा ताण कसा मिळवायचा? इथे खरी मेख आहे. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: जाडजूड, ताठ आकडा. समजा तो १ मिलिमीटर ताणायला ४० किलो लागतात. मग १६ किलो ताण फक्त ०.४ मिलिमीटर ताणल्यावर मिळतो. चौकट पिळली आणि अंतर ०.४ मिलिमीटरने कमी झालं की ताण शून्य, कडी ढिली.

दुसरा मार्ग: मऊ स्प्रिंग, पण जास्त ताणलेली. समजा १ मिलिमीटरला २ किलो. १६ किलोसाठी ती ८ मिलिमीटर ताणावी लागेल. आता पिळामुळे अंतर २ मिलिमीटरने कमी झालं तरी ताण १६ चा १२ होतो. आपल्याला हवेत ९. म्हणजे तरीही बॉनेट गप्प.

दोन्हींत ताण तेवढाच, १६ किलोचा. पण एक पहिल्या खड्ड्यात हरतो आणि दुसरा घाट उतरून येतो. घट्ट म्हणजे ताठ असं आपल्याला वाटतं. हलणाऱ्या गोष्टीला धरून ठेवायचं तर धरणाऱ्यानेही थोडं हललं पाहिजे.

पायरी ४. हाताला किती जोर लागेल? लिव्हर ८० मिलिमीटर लांब आणि आकड्याची जोडणी खिळीपासून १० मिलिमीटरवर घेतली तर आठपट फायदा. १६ किलोसाठी बोटाला साधारण २ किलो. एका हाताने, फडकं धरून, गरम पत्र्यावरही जमण्यासारखं.

आता कुलूप: ओझं कोणी उचलायचं?

आपल्या घराच्या जुन्या दाराकडे बघा. दार धरून ठेवते ती कडी. कुलूप दार धरत नाही, ते फक्त कडीला कोयंड्यातून निघू देत नाही. कोणी दार ढकललं तर जोर कडीवर आणि चौकटीवर येतो, कुलपाच्या आतल्या नाजूक भागांवर येत नाही.

बॉनेटलाही हाच नियम. ओढकडी सगळा ताण घेईल. कुलूप फक्त लिव्हरला उचलू देणार नाही.

रचना अशी करता येईल: बॉनेटच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, एक चपटी पट्टी पुढे-मागे सरकेल अशी बसवायची. दारामागच्या अडसरासारखी. मागच्या टोकाला, ड्रायव्हरच्या हाताजवळ, एक किल्ली. किल्ली फिरवली की पट्टी १५ मिलिमीटर सरकते आणि दोन्ही लिव्हरच्या शेपट्यांखाली जाते. लिव्हर आता उचलला जात नाही. एका किल्लीत एका बाजूच्या दोन्ही कड्या बंद.

याचे तीन फायदे:

- कुलूप लावायचं राहिलं तरी बॉनेट बंदच राहतं. सुरक्षितता कुलपावर अवलंबून नाही.
- कुलूप बिघडलं तरी गाडीच्या आतून, पायाकडच्या बाजूने, पट्टी हाताने सरकवता येईल अशी सोय ठेवता येते. गाडीत बसायचा हक्क ज्याला आहे, त्याला आणीबाणीत मार्ग मिळतो.
- किल्लीच्या मुठीवर लाल-पांढरी खूण केली तर बंद-उघडं दुरून दिसतं.

किल्ली कोणती? रेल्वेच्या गार्डकडे असते तशी चौकोनी टोकाची किल्ली सोपी आणि मजबूत. पण सगळ्या सारख्याच. म्हणजे पासवर्ड १२३४ ठेवल्यासारखं. लिव्हरचं कुलूप घेतलं, आत ५ लिव्हर आणि प्रत्येकाच्या ४ उंच्या, तर शक्यता ४ × ४ × ४ × ४ × ४ = १,०२४. चोराकडे सगळ्या किल्ल्या आहेत आणि एकीला १० सेकंद लागतात असं मानलं, तर सगळ्या लावून बघायला जवळपास पावणेतीन तास. नाटक संपून मालक बाहेर येईल.

चोर मात्र कुलपापाशी थांबत नाही. तो सगळ्यात कच्ची जागा शोधतो. म्हणून या तीन गोष्टी तपासायच्याच:

- कडी बाहेरून स्क्रूने लावली असेल तर कुलूप कितीही भारी असो, पेचकस पुरेसा. बोल्ट आतून हवेत किंवा रिबिट हवेत.
- मधल्या बिजागरीची लांब सळई टोकाकडून ओढून काढता आली तर सगळं बॉनेटच हातात. सळईची टोकं रेडिएटरच्या आणि मागच्या पडद्याच्या आड बंद असली पाहिजेत.
- बाजूच्या पत्र्याला हवेसाठी फटी असतात. त्या फटीतून तार घालून पट्टी सरकवता येते का, हे स्वतः करून बघायचं.

सॉफ्टवेअरमध्येही आम्ही लॉगिन भक्कम करतो आणि मागचं एखादं विसरलेलं दार उघडं राहतं. बिजागरीची सळई हे तसंच दार.

तपासणी कशी करायची?

महागडी यंत्रं लागत नाहीत.

कागदाची चाचणी: बॉनेट लावताना कडेखाली वहीच्या कागदाच्या पट्ट्या ठेवा. बंद केल्यावर ओढा. जिथे पट्टी सहज निघते तिथे दाब कमी.

खडूची चाचणी: कोयंड्यावर खडू लावा, पाच किलोमीटर खराब रस्त्यावर फिरा, परत या. आकड्याची खूण एका जागी स्वच्छ असेल तर ठीक. पसरली असेल तर कडी हलतेय.

एक कडी सोडून चाचणी: मुद्दाम एकच कडी लावून अगदी हळू, मोकळ्या जागेत गाडी फिरवा. एकीने तरी बॉनेट जागेवर राहिलं पाहिजे. एक भाग बिघडला की सगळंच कोसळतं, अशी रचना नको.

पुढे काय बदललं?

१९३० च्या दशकात गाड्या रुंद आणि गोलसर झाल्या आणि बॉनेट एका पत्र्याचं होऊ लागलं. मगरीचा जबडा उघडावा तसं ते पुढून उघडतं. त्यामुळे बनवणं सोपं झालं, इंजिन एकदम दिसू लागलं, खटका ओढायची तार गाडीच्या आत गेल्यामुळे वेगळ्या कुलपाचीही गरज संपली. पण एक धोका नव्याने आला. बिजागरी मागे, तोंड पुढे, आणि समोरून वारा.

किती वारा? ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४६० न्यूटन होतो, म्हणजे जवळपास ४७ किलो. बॉनेट सव्वा चौरस मीटरचं धरलं आणि त्याचं तोंड उघडून वारा पूर्ण आत शिरला, तर ५५ ते ६० किलोचा धक्का. बॉनेटचं वजन १५ किलोच्या आसपास. ते उडणारच. ताशी ५० ला हाच धक्का चौपट कमी, म्हणजे १४-१५ किलो. वेग निम्मा केला की धोका निम्म्याहून बराच खाली येतो, हे लक्षात ठेवा.

यावर उत्तर म्हणजे दुसरी कडी. मुख्य खटका सुटला तरी बॉनेट दोन बोटं वर येऊन अडकतं. आपण बोट घालून जो छोटा लिव्हर सरकवतो, तोच हा. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नियमच झाला: पुढून उघडणारं बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरची नजर झाकत असेल, तर लॅचला दुसरा टप्पा किंवा दुसरा लॅच हवाच.

काहींनी बिजागरीच पुढे नेली. आपल्याकडे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आठवत असेल, तिचं अख्खं नाक पुढे कलंडायचं आणि ते धरायला बाजूंना कड्या होत्या. अशा गाडीत वारा बॉनेट उघडत नाही, दाबून धरतो. कडी चुकली तरी वारा सांभाळून घेतो. डिझाइन असं असावं की बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला झुकेल.

आणि आता लॅच सॉफ्टवेअरमध्येही आलाय. जुलै २०२४ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १८ लाख ५० हजार गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. कारण, बॉनेट नीट बंद झालेलं नसलं तरी लॅचमधली यंत्रणा ते ओळखेल याची खात्री नव्हती. दुरुस्ती सॉफ्टवेअर अपडेटने झाली. कडी पोलादाचीच आहे, पण ती बसली की नाही हे आता कोड सांगतो. कोड लिहिणारा म्हणून मला ही जबाबदारी हलकी वाटत नाही.

तुमच्या गाडीचा लॅच: पाच मिनिटांची तपासणी

१. इंजिन बंद करा. बॉनेट उघडा. मुख्य खटका आणि दुसरी कडी, दोन्ही नीट बघा. गंज, वाकलेला भाग, तुटलेली स्प्रिंग दिसते का?

२. दुसरी कडी बोटाने सरकवून सोडा. ती स्वतःहून झटकन परत आली पाहिजे. आळसावली असेल तर ती अडवणार नाही.

३. जुनं ग्रीस आणि काळ्या मातीची धूळ मिळून घट्ट लेप होतो. आधी फडक्याने तो पुसून काढा, मगच थोडं नवं ग्रीस. लेपावर ग्रीस चोपडू नका.

४. आतून ओढायची तार पूर्ण परत जाते का बघा. अर्धवट अडकलेली तार म्हणजे अर्धा उघडा खटका.

५. बॉनेट बंद करा आणि पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढा. हललं तर लॅच नीट बसलेला नाही.

आमच्या गावातले एक मिस्त्री काका प्रत्येकाला सांगतात, “बाबू, आवाज आला म्हणजे लागलं असं नसते. वढून पाह्य.” पाचव्या पायरीचा याहून चांगला सारांश मला सुचत नाही.

पुढून ठोकर बसलेली गाडी असेल तर पत्रा सरळ केल्यावर लॅच आणि त्याच्यासमोरचा लोखंडी कोयंडा एका रेषेत आहेत का, हे आवर्जून तपासून घ्या. रंग चांगला झाला म्हणजे काम झालं, असं नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चालत्या गाडीत बॉनेट थोडं वर आलेलं दिसलं तर?
दुसऱ्या कडीने ते धरलेलं आहे. वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागी थांबा. ‘पुढच्या गावात बघू’ असं करू नका. समोरून ट्रक सुसाट गेला की त्याच्या वाऱ्याचा झोत येतो.

बॉनेट काचेवर आलंच तर?
करकचून ब्रेक मारू नका, मागचा वाहनवाला धडकेल. स्टिअरिंग सरळ ठेवा, हॅझर्ड लाइट लावा, ब्रेक हळू दाबत जा. बॉनेट आणि डॅशबोर्डच्या मधल्या फटीतून थोडा रस्ता दिसतो, नाहीतर बाजूच्या खिडकीतून बघा. डाव्या कडेला या.

जीपच्या बॉनेटला दोन्ही कड्या लावणं गरजेचं आहे का? एक तर घट्ट बसते.
गरजेचं आहे. एकाच बाजूने धरलेलं बॉनेट पिळतं, आणि ज्या कडीवर दुप्पट भार येतो ती लवकर सैल होते. पुण्यतिथी महोत्सवाच्या दिवसांत गुरुकुंजात गावोगावच्या जुन्या जीप येतात, त्यांत एका बाजूला कडी आणि दुसऱ्या बाजूला सुतळी असलेल्या गाड्याही दिसतात. सुतळीत ताण टिकत नाही. नवी कडी मोठ्या खर्चाची वस्तू नाही.

जुन्या, संग्रहातल्या गाडीला नवा लॅच बसवावा का?
मूळ लॅच काढून जपून ठेवा. नवा लॅच आहे त्या भोकांवर बसेल असा करून घ्या. पत्र्याला नवी भोकं पाडू नका, ती परत बुजत नाहीत.

थोडक्यात

- आपोआप न उघडणं, परक्याला न उघडणं आणि उघडल्याचं कळणं ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्हींसाठी वेगळी सोय हवी.
- ताण कडीने घ्यायचा, कुलपाने फक्त कडीला अडवायचं.
- मऊ स्प्रिंग जास्त ताणून वापरा. ताठ आकडा चौकटीच्या पिळापुढे टिकत नाही.
- कुलपाइतकंच लक्ष स्क्रू, बिजागरी आणि फटींकडे द्या.
- एक कडी सुटली तरी दुसरीने धरलं पाहिजे.
- आजच्या गाडीत दुसरी कडी हीच तुमची शेवटची राखण आहे. महिन्यातून एकदा ती बोटाने सरकवून बघा, आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी बॉनेट वर ओढून बघा.